पाव इंच वर, तिरका

मित्रांनो, या, बसा, पण माझ्यापासून हातभर लांब बसा. मी एक जुनी काटेवेल आहे. माझ्या अंगावर पानांपेक्षा काटेच जास्त आहेत असं लोक म्हणतात, आणि ते फारसं खोटं नाही. कुणाचा सदरा अडकलाच तर ओढू नका. आधी माझी काठी, म्हणजे काटेरी फांदी, मागे सरकवा, मग सदरा सोडवा. ओढाताण केली की मी आणखी धरते, हा माझा स्वभावच आहे.

तसे हे काटे मला चढण्यासाठी मिळालेत. वेलीला हात नसतात, म्हणून मी काटे रोवत रोवत भिंत चढते, तार चढते, शेजारच्या झाडावर मान टाकते. टोचणं हा माझा जोडधंदा. बाकी मी बारा महिने हिरवी असते. थंडीत सगळी झुडपं उघडीबोडकी होतात तेव्हाही माझं पान जागेवर असतं. आता स्वतःची स्तुती पुरे. ही गोष्ट खरं तर माझी नाहीच, ती दोन माणसांची आहे. पण त्यांनी ती कुणाला सांगितली नाही, आणि मी सगळं उभ्या जागेवरून पाहिलंय.

माझ्या जन्माची कुणी नोंद ठेवली नाही. एक पक्षी डोंगराकडून भरल्या पोटाने आला, रोपवाटिकेच्या मागच्या कुंपणावर बसला, हलका झाला आणि उडून गेला. त्या हलकं होण्यातून मी आले. हसू नका! रोपवाटिकेतल्या गुलाबांना निवडून आणलेलं असतं, काळ्या पिशवीत बसवून नावाची पट्टी लावलेली असते. आम्ही रानातल्या पोरी, पडलो तिथेच उभ्या राहतो. माझ्या उजव्या हाताला पाण्याची टाकी होती आणि ती गळकी होती. डाव्या हाताला पालापाचोळ्याचा ढीग होता. खायला इकडून, प्यायला तिकडून. आणखी काय हवं?

पहिल्या वर्षी मी नुसती वाढले. दुसऱ्या वर्षी त्याच काठ्यांवर पांढरी फुलं आली आणि मग फळं. लहान लहान मणी एकाला एक चिकटवल्यासारखं माझं फळ दिसतं. आधी हिरवं, मग लाल, आणि पिकलं की जवळजवळ काळं. पिकलेलं फळ तोडावं लागत नाही, बोट लावलं की हातात येतं. त्या वर्षीची सगळी फळं पक्ष्यांनी फस्त केली. माणसाच्या नजरेला एकही पडलं नाही, आणि पुढचा सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

कारण त्याच वर्षी अण्णांनी मला पाहिलं.

अण्णा म्हणजे या रोपवाटिकेचे मालक. समोर सगळे त्यांना अण्णा म्हणत आणि पाठीमागे पावइंच. गुलाब छाटताना ते डोळ्याच्या, म्हणजे काठीवर जिथून नवी फूट निघते त्या फुगीर ठिपक्याच्या, बरोबर पाव इंच वर कापत. काप तिरका, उतार डोळ्याच्या उलट बाजूला, म्हणजे पावसाचं पाणी डोळ्यावर न जाता मागे ओघळून जातं. डोळाही कुठलाही नाही, झुडपाच्या बाहेर बघणारा हवा, नाहीतर फांद्या आत वाढून एकमेकींच्या गळ्यात पडतात. हे सगळं त्यांच्या डोक्यात एका श्वासात व्हायचं आणि कात्री वाजायची. मोजपट्टी लावून पाहिलं तरी फरक निघायचा नाही. गिऱ्हाईक कापलेली काठी बघूनच सांगायचं, हा अण्णांचा हात.

त्यांनी मला पाहिलं आणि म्हणाले, "काटे चांगले आहेत. जनावर आत येणार नाही. राहू दे हिला." मी धन्य झाले. मग त्यांनी कात्री काढली आणि मला जमिनीपासून वीतभर ठेवून सगळी छाटली. प्रत्येक काठी डोळ्याच्या पाव इंच वर, तिरकी.

आता इथे थोडं घराण्याचं बोलायला हवं. गुलाब आणि मी चुलत भाऊबंद आहोत. घराणं एक, रीत वेगळी. गुलाब नव्या फुटीवर फुलतो. जुनं छाटलं की नवं फुटतं, नवं फुटलं की फूल येतं. माझं तसं नाही. मी यंदा काठी वाढवते आणि पुढच्या वर्षी त्या काठीवर फळ धरते. फळ देऊन झालं की ती काठी वाळते, तोवर शेजारी दुसरी तयार असते. अण्णा दरवर्षी थंडीच्या तोंडाला यायचे आणि गुलाबासारखीच मला छाटून जायचे. म्हणजे पुढच्या वर्षीचं माझं सगळं फळ कात्रीने पाचोळ्याच्या ढिगावर जायचं. त्यात त्यांचा दुष्टपणा नव्हता. ते गुलाबाचे माणूस होते. जगातलं प्रत्येक झुडूप त्यांच्या लेखी थोडासा बिघडलेला गुलाब होतं.

अशी बावीस वर्षं गेली. बावीस वर्षांत माझ्यावर एक फळ नाही.

मला राग यायला हवा होता. पण मित्रांनो, खरं सांगते, त्या कात्रीखाली जातानाही मला त्यांच्या हाताचं कौतुक वाटायचं. एकदा गाडीच्या धक्क्याने माझी एक काठी मोडली, ती वर्षभर कुजत राहिली. अण्णांचा काप मात्र आठ दिवसांत सुकून बंद व्हायचा. आपलं नुकसान करणारा माणूससुद्धा आपल्या कामात किती चोख असू शकतो, हे मी त्यांच्याकडून शिकले.

बाकीच्यांनी मात्र मला नावं ठेवली. "नुसते काटे," अण्णांच्या पत्नी म्हणायच्या. सगळे त्यांना वहिनी म्हणत. "ना फूल धड, ना फळ. वाळत घातलेलं फडकं घेऊन बसते मेली." नावडतीचं मीठ अळणी, दुसरं काय! गुलाबाचा काटा टोचला तर या हसून बोट चोखायच्या आणि माझा टोचला तर माझं मूळ काढायला निघायच्या.

मग दोन गोष्टी एका पाठोपाठ घडल्या. अण्णांचे हात थरथरू लागले, आणि घरात सून आली.

हाताची थरथर आधी मला कळली. बाविसाव्या वर्षी माझ्या एका काठीवरचा काप अर्धा इंच वर गेला. अण्णांनी तो पाहिला, इकडेतिकडे पाहिलं आणि पुन्हा कापून पाव इंचावर आणला. त्यांनी दुसऱ्यांदा कापलेलं मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं.

हे साधं दुखणं नव्हतं. रोपवाटिकेच्या मधोमध दोनशे मातृझाडं होती. त्यांचेच डोळे काढून रानगुलाबाच्या खोडात बसवायचे, तेव्हा विकायचं रोप तयार होतं. याला ते डोळे भरणं म्हणतात. डोळे भरायचं काम एक मावशी करायच्या, पण मातृझाडांना कात्री लावायची ती फक्त अण्णांनी. छाटणी चुकली की त्या वर्षी डोळे बारीक येतात, आणि वर्ष बुडतं. अण्णांचा मुलगा रोपांची गाडी घेऊन दिवसभर बाहेर असायचा. त्याला झाडांपेक्षा रस्ते आवडायचे. एकदा तो टाकीपाशी हातपाय धुताना म्हणाला, "अण्णा, तयार रोपं बाहेरून आणू आणि विकू. मातृझाडं काढून टाकू. तुमचाही त्रास वाचेल." त्यानंतर दोन दिवस अण्णा कमी जेवले, असं वहिनी मावशींना सांगत होत्या.

सुनेला ती मातृझाडं हवी होती. तिला कात्री हवी होती. लग्न होऊन आल्यापासून ती गिऱ्हाइकांना रोपं दाखवायची, पण तिचे डोळे अण्णांच्या हातावर असायचे. एकदा तिने विचारलंही. अण्णा म्हणाले, "बघून येत असतं तर मांजरानेही शिवणकाम केलं असतं." ती हसली, पण बघायचं थांबली नाही.

आणि एके दिवशी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिने माझी एक काठी दोन बोटांत धरली. कशी धरली सांगू? दोन काट्यांच्या बरोबर मध्ये. मला इतक्या ओळखीने कुणी कधी धरलं नव्हतं.

"बाबा, यंदा हिला नका कापू," ती अण्णांना म्हणाली.

अण्णा टाकीच्या कठड्यावर कात्रीला धार लावत होते. "का गं?"

"ही फळते."

"बावीस वर्षं झाली. एक फळ दाखव, मी नाव बदलीन."

"तुम्ही दरवर्षी फळाची काठीच कापता, बाबा. मग दिसणार कसं?"

मावशींच्या हातातला डोळे काढायचा चाकू थांबला. अण्णांना असं तोंडावर कुणी बोललं नव्हतं.

"हे कुठे शिकलीस?"

"शाळेच्या वाटेवर. आमच्याकडच्या डोंगरउतारावर ही जिकडेतिकडे होती. आम्ही डब्याच्या झाकणात फळं गोळा करायचो. कोवळ्या हिरव्या काठीवर कधीच फळ नसायचं. आदल्या वर्षीच्या, तपकिरी पडलेल्या काठीवरच असायचं. भुकेल्या पोरांच्या हे बरोबर लक्षात राहतं."

"कानामागून आली आणि तिखट झाली," वहिनी पुटपुटल्या. पण त्या जागच्या हलल्या नाहीत. त्यांनाही पुढे काय होतं ते ऐकायचं होतं.

अण्णांनी कात्री मिटली. "ठीक आहे. एक वर्ष हिला हात लावत नाही, शब्द देतो. फळली तर मातृझाडांची कात्री तुझ्या हातात देईन. नाही फळली तर ही मुळासकट जाईल, इथे तारेचं कुंपण येईल आणि तू परत छाटणीचं नाव काढायचं नाहीस. आहे कबूल?"

"कबूल," ती म्हणाली.

मला कुणी विचारलं नाही. पण माझा जीव आणि तिची कात्री आता एकाच दोरीला बांधलेली होती, हे मला समजलं.

थंडी लागली, छाटणीचे दिवस आले. नेमकं तेव्हाच सुनेच्या बहिणीचं बाळंतपण निघालं आणि ती तीन आठवड्यांसाठी गावाला गेली. अण्णांनी मातृझाडं छाटायला घेतली. एका दिवसात पंचवीस व्हायची, तिथे यंदा बारा होत होती. शेवटचं झाड झालं तेव्हा सकाळचं ऊन टाकीवर आलं होतं. आणि अण्णा, स्वतःशीच मातृझाडांबद्दल काहीतरी बोलत, नेहमीसारखे सरळ माझ्याकडे आले. बावीस वर्षं छाटणीचा शेवट ते माझ्यावरच करत होते. जित्याची खोड म्हणतात ती अशी.

टाकीच्या बाजूने त्यांनी सुरुवात केली. एक काठी. दुसरी. पाचवी. मी हाक कशी मारणार? मी काट्याने त्यांची बाही धरली. त्यांनी आधी काठी मागे सरकवली, मग बाही सोडवली, आणि ती काठीही कापली. माझी उजवी बाजू संपली. मधल्या जाड काठीला कात्री लागली आणि हात थरथरला. साल फाटली. अण्णांनी त्या फाटक्या सालीकडे पाहिलं आणि तिथेच ते भानावर आले.

"अरे देवा," ते म्हणाले. "मी शब्द दिला होता."

ते पालथ्या बादलीवर बसले. वहिनी चहा घेऊन आल्या, त्यांनी मला पाहिलं, त्यांना पाहिलं आणि सगळं ओळखलं. त्या माझ्या वैरीण खऱ्या, पण नवऱ्याचा पडलेला चेहरा त्यांना बघवेना. "एवढं काय! सांगा तिला, गाय शिरली होती, निम्मी खाऊन गेली."

अण्णांनी माझ्या कापलेल्या काठ्यांकडे बोट दाखवलं. "गाय तिरका काप देत नाही," ते म्हणाले.

डाव्या बाजूला त्यांनी हात लावला नाही. कात्री खिशात घातली आणि चहा तसाच ठेवून घरात गेले.

चार दिवसांनी सून आली. पिशवी खांद्यावर असतानाच ती मागे आली. तिने उजव्या बाजूचे काप पाहिले. पाव इंच वर, तिरके. त्यावर सही करायची काय गरज होती? तिचा चेहरा उतरला. मग ती खाली वाकली आणि डावीकडच्या काठ्या एकेक करून मोजल्या. नऊ होत्या. ती उठली, घरात गेली, आणि त्या दिवशी काय, पुढच्या तीन महिन्यांतही तिने अण्णांना एका शब्दाने विचारलं नाही. अण्णांनीही काही सांगितलं नाही. ती दोघं माझ्यासमोरून जायची आणि दोघंही दुसरीकडे बघायची. मला त्या दिवसांत अण्णांचा राग आला, हे मी लपवत नाही.

तिने एक गोष्ट मात्र केली. ती मला रोज पाणी घालायची, झारीभर डावीकडे आणि झारीभर उजवीकडे. वहिनींना ते पटेना. "जे कापलं त्याला कशाला पाणी?"

"आई, त्या बाजूचा काय दोष?" ती म्हणाली.

आणि मी? मित्रांनो, मला भीती वाटत होती. बावीस वर्षं जे केलं नाही ते आपल्याला येतं तरी का, असं मनात यायचं. थंडी ओसरली तरी डाव्या काठ्यांवर काही दिसेना. वहिनी रोज विचारायच्या, "कुठाय गं तुझं फळ?" आणि सून म्हणायची, "आई, पी हळद आणि हो गोरी असं कुठे असतं का?" पण तिचाही आवाज बारीक होत चालला होता. एकदा तारेचं भेंडोळं घेऊन गाडी आली. मुलाने ते माझ्या पायाशीच उतरवून ठेवलं.

मग एका सकाळी डावीकडच्या खालच्या काठीला आडवी फूट निघाली आणि तिच्या टोकाला पाच कळ्या आल्या. मी त्या अक्षरशः पानाखाली झाकून ठेवल्या. दुसऱ्या काठीला निघाल्या, तिसऱ्या काठीला निघाल्या, आणि पंधरा दिवसांत नऊच्या नऊ काठ्या पांढऱ्या झाल्या. गुलाब सोडून मधमाश्या माझ्याकडे वळल्या. मला थोडा गर्व झाला, तो तुम्ही माफ करा. फुलांची फळं झाली, हिरव्याची लाल झाली, आणि उन्हाळा लागता लागता डावी बाजू काळ्या फळांनी खाली वाकली. उजवीकडे नुसत्या कोवळ्या हिरव्या काठ्या सरळ उभ्या होत्या. एकही फळ नाही.

अण्णा त्या दिवशी सगळ्यांच्या आधी मागे आले. बराच वेळ ते बघत राहिले. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. त्यांनी एका फळाला बोट लावलं आणि ते हातात आलं. त्यांनी ते खाल्लं. मग त्यांना गप्पपणे घरात जाता आलं असतं. सुनेला एकटीला बोलावून कात्री देता आली असती. निम्मीच फळली, करार पूर्ण वेलीचा होता, असंही म्हणता आलं असतं. चाळीस वर्षं ज्याचा शब्द कुणी खोडला नाही त्याला वाटा पुष्कळ असतात.

अण्णांनी सगळ्यांना हाक मारली. वहिनी आल्या, मुलगा आला, मावशी चाकू घेऊनच आल्या, रोपं घ्यायला आलेली दोन गिऱ्हाइकंही आली. सून सगळ्यांच्या मागे उभी राहिली.

"हे बघा," अण्णा म्हणाले. "झाड एक, माती एक, पाणीही सुनेने दोन्हीकडे सारखंच घातलं. ही डावी बाजू तिच्या शब्दावर राहिली. ही उजवी मी कापली. मी शब्द दिला होता आणि तरी कापली. हातच्या कांकणाला आरसा कशाला? बावीस वर्षं मी या वेलीचं फळ कचऱ्यात टाकत होतो आणि वर हिलाच नावं ठेवू देत होतो. माझं चुकलं."

वहिनींनी डोळे टिपले आणि माझ्याकडे पहिल्यांदाच जरा बरं पाहिलं.

अण्णांनी खिशातून कात्री काढली, तिची मूठ सुनेकडे केली. "घे. मातृझाडं आता तुझी."

तिने ती लगेच घेतली नाही. "बाबा, मला ही वेल येते. गुलाब येत नाही," ती म्हणाली. "मी वेलीसारखा गुलाब सांभाळायला गेले तर मातृझाडं माझ्या हातून वाया जातील. कात्री देताय तर शेजारी उभे राहा. प्रत्येक डोळा दाखवा. हात माझे, नजर तुमची."

अण्णांनी मान हलवली आणि कात्री तिच्या हातात ठेवली. मुलगा पुढे झाला, त्याने तारेचं भेंडोळं उचललं आणि परत गाडीत नेऊन टाकलं. मावशी म्हणाल्या, "आता ती फळं नुसती बघणार का खाणार?" आणि सगळे माझ्यावर तुटून पडले. त्या दिवशी मी कितीजणांना टोचलं याची गणती नाही, पण कुणीही तक्रार केली नाही. वहिनींची बोटं संध्याकाळपर्यंत जांभळी होती.

मित्रांनो, मला कात्रीचं वावडं नाही. न छाटलेली वेल स्वतःच्याच ओझ्याखाली गुदमरते. माझं मागणं एवढंच आहे की कापण्याआधी विचारा. झाडाला विचारता येत नसेल तर ज्याने ते झाड पाहिलंय त्याला विचारा, मग तो वयाने लहान का असेना. आणि एखाद्यावर फळ दिसत नसेल तर त्याला नुसते काटे म्हणण्यापूर्वी एक वर्ष थांबा. कदाचित दरवर्षी आपलीच कात्री त्याच्यावर चालत असेल.

पुढच्या थंडीत दोनशे मातृझाडं सुनेने छाटली. अण्णा शेजारी उभे राहून बोटाने डोळा दाखवायचे, ती कापायची. पहिल्या दिवशी आठच झाली. शेवटच्या दिवशी तिचे काप पाव इंचावर आले होते. मग दोघं माझ्याकडे आली. अण्णांनी चामडी हातमोजे घातले होते. तिला काटे लागू नयेत म्हणून ते माझ्या काठ्या बाजूला धरत होते, आणि ती फळ देऊन वाळलेल्या काठ्या बुडापासून काढत होती. यंदाच्या हिरव्या काठ्या तिने तारेला बांधल्या. आठ जुन्या काठ्या निघाल्या. नववी राहिली तेव्हा तिने कात्री अण्णांच्या हातात ठेवली.

"शेवट तुमचा, बाबा. नेहमीसारखा."

अण्णांनी कात्री उघडली. थरथरणारा हात काठीपाशी नेला आणि थांबवला. चाळीस वर्षांत कापण्याआधी कुणाला काही न विचारलेला तो माणूस मान वळवून सुनेकडे बघत होता.

"ही फळून गेलेली ना गं?" त्यांनी विचारलं.

"हो बाबा," ती म्हणाली. "कापा."